आमच्याकडे हिरवळ बसवून मिळेल

३ मार्च, सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. मोठी कामं उभी करणारी माणसं पहिल्या दिवसापासून नोंदी ठेवतात, असं ऐकून आहे. पुढे कोणी विचारलं की हे सगळं सुचलं कसं, तर ऐनवेळी थापा माराव्या लागू नयेत.

सुचलं ते असं. काल दुपारी गल्लीतून चालत येत होतो. दोन्ही बाजूंना अंगणं, सगळी जुन्या पायपुसण्याच्या रंगाची. पाणी एक दिवसाआड, तेही तासभर. नळीने बागेला पाणी घालायला दोन वर्षांपासून बंदी. लोक संध्याकाळी खुर्च्या टाकून नुसत्या मातीकडे बघत बसतात. मी जागच्या जागी थांबलो. कृत्रिम गवत. पाणी नको, कापणं नको, बारा महिने हिरवं.

सतरा वर्षं मी टाइल्सच्या कंपनीत स्टोअरकीपर होतो. जानेवारीत कंपनीने माझा विभागच बंद केला. म्हणजे मी मोकळा झालो. लोक याला नोकरी गेली असं म्हणतात. लोकांचं असंच असतं.

हिला सांगितलं. ही पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवते, पुढच्या खोलीत हिचं मशीन आहे. मशीन न थांबवता म्हणाली, बसवता येतं का तुम्हाला? मी म्हणालो, बसवणं हा नंतरचा तपशील आहे.

७ मार्च

ट्रेनिंग पूर्ण. दोन तासांचा व्हिडिओ होता. मधला भाग पळवला, कारण तो सगळा जमीन तयार करण्याबद्दल होता, आणि जमीन सगळ्यांकडे तयारच असते. शेवटचा भाग मात्र नीट पाहिला. गवत नेहमी पाठीमागून कापायचं, रबराच्या बाजूने. ते वहीत लिहून दोनदा अधोरेखित केलं.

डीलरकडे जाऊन नमुन्यांची फाइल आणली. आठ तुकडे, आठ प्रकारचं हिरवं. व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली, पाचशे. नावाखाली "हिरवळ सल्लागार". आईला दाखवलं. आई म्हणाली, सल्लागार म्हणजे स्वतः करत नाही तोच ना? आईला व्यवसायातलं फारसं कळत नाही.

हिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, याच्याकडे पिकअप गाडी आहे. त्याला पार्टनर म्हणून घेतलं. तो म्हणाला, भावोजी, मी गाडी चालवायची, एवढंच ना? म्हणालो, सुरुवातीला तेवढंच. त्याचा चेहरा उजळला. माणसाला जबाबदारी दिली की तो फुलतो.

११ मार्च, संध्याकाळी ६

स्वतःच्या अंगणात डेमो बसवला. गिऱ्हाईकाला काहीतरी दाखवायला हवं. अंगण लहान, दोन पट्टे पुरले. सकाळी सुरू केलं, दुपारी जेवायच्या आत खलास. व्हिडिओतल्या लोकांना तीन दिवस लागले होते.

ही मापाची टेप गळ्यात तशीच ठेवून बाहेर आली. थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, एका पट्ट्याची लव रस्त्याकडे झुकलीय आणि दुसऱ्याची घराकडे. मखमल अशी जोडली तर गिऱ्हाईक कापड माझ्या अंगावर टाकून जाईल.

पडदा आणि जमीन यात मूलभूत फरक आहे, हे तिला शांतपणे समजावलं. दुरंगी परिणाम मुद्दाम साधलाय, असंही सांगितलं.

नंतर गेटमधून पाहिलं. डावा पट्टा गडद, उजवा फिका. डाव्यावर ढगाची सावली पडल्यासारखं वाटतं. वर ढग शोधला. नव्हता.

१३ मार्च

आई संध्याकाळी डेमोवर खुर्ची टाकून बसली. खुर्ची डुगडुगते. आई म्हणते, गवताखाली कोणीतरी झोपलंय. मी म्हणालो, नैसर्गिक चढउतार हल्ली मुद्दाम ठेवतात. तिने काठीने ठिकठिकाणी दाबून बघितलं आणि चढउतार कसा जातो ते मला दाखवलं. नळापासून निघतो, गेटपर्यंत जातो आणि तिथे वेटोळं घालतो.

पाण्याची नळी काढायची राहून गेली. असो. वापरायला बंदीच आहे.

२४ मार्च

पहिलं गिऱ्हाईक झालं. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. नवीन घर बांधलंय, मोठमोठ्या खिडक्या, ऊन बाहेरच्या बाहेर परतवणारी खास काच. पुढच्या अंगणात मऊ हिरवळ हवी होती. दोन दिवसांत मी आणि मेहुण्याने बसवली. लव एका दिशेने ठेवली. हिच्यामुळे नव्हे, यावेळी एकरंगी परिणाम हवा होता म्हणून.

बाई खूश. जाताना मेहुणा म्हणाला, भावोजी, खाली खडीची भुकटी वगैरे काही घालत नाहीत का? व्हिडिओत होतं. मी विचारलं, तू कुठे पाहिलास व्हिडिओ? म्हणाला, ताईने दाखवला. मधला भाग ताईने दोनदा पाहिला.

हिला शिवणकामातून एवढा वेळ कसा मिळतो, कळत नाही.

२ एप्रिल

डॉक्टरीणबाईंचा फोन. हिरवळ जळतेय, म्हणाल्या. लगेच गेलो. खरंच अंगणाच्या मधोमध एक वाकडी रेघ उमटलीय. दोन हात लांब, बोटभर रुंद. रेघेतली पाती आक्रसून मेणासारखी एकमेकांना चिकटलेली. शिवाय त्यांची लोखंडी टेबलखुर्ची इंचभर खचलीय, पण त्याबद्दल त्या अजून बोलल्या नाहीत, म्हणून मीही नाही.

मी वाकून नीट निरीक्षण केलं आणि सांगितलं, कीड आहे. बाई म्हणाल्या, प्लास्टिकला? मी म्हणालो, हल्लीच्या किडी.

४ एप्रिल

फवारणी केली. उपयोग नाही, रेघ आणखी हातभर वाढली. कीड पश्चिमेकडे सरकतेय.

जेवताना सहज बोलून गेलो. हिने विचारलं, रेघ उगवतीकडून मावळतीकडे जाते का? म्हणालो, हो. दुपारी सगळी कामं टाकून ही डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि उन्हात छत्री धरून तासभर उभी राहिली. दोनच्या सुमाराला वरच्या खिडकीच्या काचेतून उन्हाचा एक कवडसा खाली पडला, नेमका त्या रेघेच्या टोकावर, आणि हळूहळू पुढे सरकायला लागला. हिने हात धरून पाहिला आणि चटकन मागे घेतला.

म्हणजे कीड नव्हती. पण मी फवारणी केल्यामुळे ती शक्यता निकालात निघाली, हे महत्त्वाचं.

८ एप्रिल

हिने बाईंच्या खिडकीला बाहेरून लावायला जाळीचा पडदा शिवून दिला. रेघ कापून काढली, उरलेल्या रोलमधला तुकडा लव जुळवून तिथे बसवला. सांधा शोधून सापडत नाही. हात लागलेलाच आहे तर, म्हणत टेबलाखालचं गवतही उचललं आणि खाली भुकटी ठोकून घातली. बाईंनी मला फोन करून आभार मानले. म्हणजे हिचा नंबर त्यांच्याकडे नव्हता.

हिला सांगितलं की तुझी मदत झाली. म्हणाली, कवडसा सगळ्यांनाच दिसतो हो, उभं राहायला लागतं फक्त.

१५ एप्रिल, दुपारी ४

आज मोठं यश. मागच्या गल्लीतले टोपीवाले काका डेमो बघायला आले. हे काका घरातसुद्धा टोपी काढत नाहीत. चौकस गृहस्थ. त्यांचं मागचं अंगण मोठं आहे, नातवंडं खेळतात. पहिलाच प्रश्न, तापतं का? मी म्हणालो, छे. ते म्हणाले, असं कसं, प्लास्टिक आहे. वेळ दुपारी पाऊण.

अशा वेळी बोलण्यापेक्षा करून दाखवावं. चपला काढल्या आणि मधोमध जाऊन उभा राहिलो.

काकांनी विचारलं, किती वर्षं टिकतं? सांगितलं. पाणी पडलं तर कुठून जातं? सांगितलं. रंग उडतो का? त्याचंही सविस्तर उत्तर दिलं, पण जरा लवकर बोललो. मग काकांनी त्यांच्या जुन्या घरातल्या बागेची हकिकत सुरू केली. तिथे एक फणसाचं झाड होतं. ते झाड कोणी लावलं, त्याला पहिलं फळ कधी आलं, ते कोणी पळवलं. मी हसून ऐकत होतो. मध्येच एकदा फळ पळवणाऱ्याविषयी मी काहीतरी फार तीव्र बोललो असं मला आठवतं.

काका म्हणाले, बसवू या मग.

ऑर्डर मिळाली. दोन्ही तळव्यांना फोड आलेत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.

१६ एप्रिल

डॉक्टरांनी दहा दिवस पाय जमिनीला लावायचा नाही असं सांगितलंय. कसं झालं, विचारलं. म्हणालो, कामावर. ही बाजूला उभी होती. नंतर बरोबर आणलेल्या पिशवीतून उशी काढून माझ्या पायांखाली ठेवली. म्हणजे दवाखान्यात निघतानाच तिला माहीत होतं.

काकांचं काम रविवारी सुरू करायचं कबूल केलंय. पुढे ढकललं तर हातचं जाईल.

१९ एप्रिल

निर्णय घेतला. काकांचं काम मी घरातून चालवणार. ही आणि मेहुणा तिथे जातील, मी फोनवरून सूचना देईन. डॉक्टरही हल्ली असं ऑपरेशन करतात.

सकाळी सहाला दोघं गेली. पहिली सूचना देण्यासाठी ६.२० ला फोन केला. उचलला नाही. ६.४५, ७.१०, ८. नाही. ८.३० ला मेहुण्याने उचलला आणि म्हणाला, भावोजी, ताई विचारतेय, तुम्ही नाश्ता केलात का?

२० एप्रिल

संध्याकाळी हिच्याकडून कळलं आणि मी पलंगावर उठून बसलो. हिने काकांना सरळ सांगितलं की गवत तापतं. अकरा ते पाच नातवंडांना अनवाणी सोडू नका, म्हणाली. फिकट वाळू भरली तर जरा कमी तापेल, आणि अर्ध्या अंगणावर सावलीची जाळी लावा, मी शिवून देते.

तिला विचारलं, मी तिथे उभा राहून काय सिद्ध केलं ते तुला माहीत आहे का? म्हणाली, हो, रोज मलम मीच लावते.

काम गेलं, असं समजून चाललोय.

२७ एप्रिल

काम गेलं नाही. उलट काकांनी शेजारच्या तिघांना सांगितलं. तिघांचे फोन आले. तिघांनी पहिलं वाक्य एकच उच्चारलं, ताई आहेत का?

माझ्या डेमोचा परिणाम आता दिसायला लागलाय.

६ मे

पाय बरे. कामाची नवी रचना केली. ही आणि मेहुणा प्रत्यक्ष साइटवर. माझ्याकडे समन्वय. समन्वय म्हणजे फोन घेणं, नमुन्यांची फाइल पुसणं आणि ही आत आली की फोन तिच्या हातात देणं.

शिवणाचं मशीन गेले दहा दिवस झाकलेलं आहे. त्यावर मोजमापांचे कागद पडलेत. नीट पाहिलं तर ते कागद नाहीत, माझी व्हिजिटिंग कार्डं आहेत. मागची बाजू कोरी असते, बरी पडते लिहायला, म्हणाली. पाचशेपैकी चारशे शिल्लक होती, आता कमी होतायत. कार्डं खपायला लागली, एवढं खरं.

१५ मे

आजपासून साइटवर परत. हिने मला वाळू दिली. गवत बसलं की त्यात वाळू पसरायची आणि मोठ्या ब्रशने पाती उभी करायची. म्हणाली, तुम्ही हे छान करता. मी म्हणालो, अजून केलंच नाही. म्हणाली, कराल.

सकाळी सहा ते दहा, मग संध्याकाळी पाचनंतर. मधल्या वेळात डिंक धरत नाही आणि माणूसही. आज दोन्ही वेळा ब्रश. डॉक्टरीणबाई गाडीतून जाताना थांबल्या, काच खाली केली आणि मला म्हणाल्या, ताईंना म्हणावं पडदा मस्त बसलाय. सांगतो म्हणालो. सांगितलं नाही.

संकल्प: एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने करायचं. या महिन्याच्या आत. कोणाला न सांगता.

२२ मे

काम मिळालं. पोस्टातून रिटायर झालेले एक गृहस्थ आहेत, तीन गल्ल्या सोडून राहतात. फोन मी घेतला आणि हिच्या हातात दिला नाही.

त्यांच्या बायकोचं खुब्याचं हाड मोडलं, पाच महिने वरच्या मजल्यावर पलंगावर आहे. पूर्वी बाईंचा सगळा दिवस बागेत जायचा. आता बागेत काहीही उरलेलं नाही. पुढच्या रविवारी पाच वाजता चौघं जण त्यांना खुर्चीसकट खाली आणणार आहेत, डॉक्टरांनी परवानगी दिलीय. गृहस्थ म्हणाले, तिला पहिली नजर मातीवर पडायला नको. दुसरं काही मागितलं नाही.

मी शब्द दिला. मी दिलेला शब्द, हिने नव्हे.

२७ मे

जमीन तयार. यावेळी व्हिडिओचा मधला भाग पाहिला. पूर्ण. वरची माती काढली, खडीची भुकटी घातली, ठोकायचं मशीन भाड्याने आणून तीन वेळा फिरवलं. हात अजून थरथरतायत, त्यामुळे अक्षर असं आलंय. हिला सांगितलं, डीलरकडे मीटिंग होती. ही माझ्या बुटांकडे बघत म्हणाली, डीलरकडे धूळ फार असते.

अंगणाचा आकार काजूसारखा. वर्तमानपत्रं जोडून हुबेहूब नमुना कापून आणलाय.

२९ मे, शुक्रवार

कापणी आमच्या अंगणात. ही आणि मेहुणा दिवसभर बाहेर, आई आतल्या खोलीत झोपलेली. रोल उलटा पसरला, कारण पाठीमागून कापायचं. त्यावर कागदी काजू ठेवला, खडूने आखला, कापला. एका तुकड्यात. एकही सांधा नाही. सांध्यांचं फार कौतुक चालतं आमच्याकडे.

इतकी स्वच्छ कड मी आयुष्यात कापलेली नाही. उद्या सकाळी भाड्याच्या गाडीने नेणार.

३० मे, शनिवार, सकाळी ८.१५

पोस्टातल्या गृहस्थांच्या पायरीवर बसून लिहितोय.

गवत पसरलं. काजूचं पोट जिथे हवं तिथे पाठ आली. फिरवलं. चारही दिशांनी फिरवून पाहिलं. एकदा उलटं घातलं, तर तंतोतंत बसलं, कुठे सुतभर फट नाही. पण मग गवत खाली आणि रबर वर.

पाठीमागून कापताना नमुनाही पालथा ठेवायचा असतो. व्हिडिओत असेल कुठेतरी.

गृहस्थ कपबशी हातात घेऊन दारात उभे होते. शेवटी हळूच विचारलं, हे दुसऱ्या कोणाच्या अंगणाचं आणलंत का?

वरच्या मजल्यावरून बाईंनी विचारलं, काय चाललंय खाली? ते म्हणाले, काही नाही, सफाई.

८.४० — गल्लीत दोन फेऱ्या मारून आलो. डीलरला फोन केला. हा माल संपलाय, नवीन गुरुवारी.

९ वाजता — हिला फोन केला. काय झालं ते सांगितलं. मध्ये थांबलो नाही, नाहीतर बोलता आलं नसतं. हिने एकच विचारलं, नमुना सुलटा ठेवला होता का? हो म्हणालो. म्हणाली, पहिला पडदा मीही तसाच कापला होता. येते.

३१ मे, रविवार

क्रमाने लिहितो.

ही आणि मेहुणा काल दहाला आले. हिने जमिनीकडे पाहिलं, चपलेने दोन-तीनदा दाबलं आणि विचारलं, हे कोणी केलं? मी म्हणालो, मी. म्हणाली, छान सपाट केलीत. पुढे काही जोडलं नाही. मी वाट पाहत होतो.

मग ही उलट्या काजूभोवती गुडघ्यांवर फिरली, खडूने रेघा मारत. दुपारी घरी जेवायला बसली तरी बोट ताटाशेजारी तोच आकार काढत होतं. संध्याकाळी पाचला तो काजू पाच तुकड्यांत कापला. माझी ती स्वच्छ कड. मला वाटलं होतं जास्त वाईट वाटेल. तुकडे फिरवून, लव एका बाजूला ठेवून तिने ते मांडले, आणि एक कोपरा उरला तिथे टोपीवाल्या काकांकडे उरलेला तुकडा आणवला. गुडघ्यांना फडकी बांधलेली. खिळे तोंडात धरते, टाचण्या धरते तशीच. आज सकाळी सहापासून सांधे. एकेका सांध्यापाशी कान लावल्यासारखी वाकते. मी समोरून जोडपट्टी ताणून धरत होतो. तिने सांगितलं तेव्हा धरली, सांगितलं तेव्हा सोडली. साडेतीन तासांत मी एकही सूचना दिली नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

साडेनऊला वाळू आणि ब्रश. ते मी केलं. तीन वाजता हिने शिवलेली सावलीची जाळी मेहुण्याने वर बांधली.

पाच वाजता चौघांनी बाईंना खाली आणलं. लहानशा आहेत, खुर्चीत अर्ध्याच मावतात. गृहस्थ बाजूने चालत होते, हात हवेतच धरून. बाईंनी खाली पाहिलं. मग एक पाय खुर्चीवरून सोडला आणि टाच घासून पाहिली.

म्हणाल्या, खोटं आहे हे.

गृहस्थांचा चेहरा पाहवला नाही. मी ब्रशच्या दांड्याकडे बघत राहिलो.

मग बाई म्हणाल्या, पण कोणीतरी बसून केलंय. मला जरा पुढे न्या. त्यांना कडेपर्यंत नेलं, मग दुसऱ्या कडेपर्यंत. त्या सांधा शोधत होत्या. मिळाला नाही. गृहस्थांना म्हणाल्या, उद्यापासून चहा इथेच आणत जा. ते आत गेले आणि त्यांना बाहेर यायला बराच वेळ लागला.

बाईंनी मला विचारलं, तुम्ही केलंत का?

मी तोंड उघडलं. ही मागे रिकाम्या पोत्यांच्या घड्या घालत होती, तिचं लक्षही नव्हतं. कार्डावर जे छापलंय ते म्हणता आलं असतं. हिने केलंय, म्हणालो. जमीन मी केली, हे नंतर जोडलं. जमीन खरंच मी केली.

परत येताना गाडीत हिला झोप लागली. मेहुण्याने खड्डे चुकवत गाडी हळू चालवली. कोणी सांगितलं नव्हतं.

३ जून

विचाराअंती, शनिवारच्या प्रकाराला मी चाचणी म्हणायचं ठरवलंय. पाच तुकड्यांची पद्धत त्यातूनच निघाली.

आमच्या अंगणातला डेमो हिने उचलला. नळी काढली, जमीन मी केली, पट्टे परत बसवले. आता एकरंगी दिसतो. आईची खुर्ची हलत नाही. आई म्हणाली, झोपलेला उठून गेला वाटतं.

९ जून, सकाळी ९.३०

कामं वाढलीत. माणूस हवा, अशी पाटी डीलरकडे लावली होती. आज एक जण आला. चाळिशीचा, पूर्वी फरश्या बसवायचा. ही आत फोनवर होती. मी गेटपाशी ब्रशमधली वाळू झटकत होतो. मुलाखत आपणच घ्यावी म्हणून ब्रश भिंतीला टेकवून ताठ उभा राहिलो, पण प्रश्न त्यानेच सुरू केले. काम कसं असतं? ताई चिडतात का? चूक झाली तर काय करतात?

खरी उत्तरं दिली. काम उन्हाच्या आत आणि उन्हानंतर. ताई चिडत नाहीत, बघत राहतात. चूक झाली तर फोन करायचा, त्या येतात.

त्याला बरं वाटलेलं दिसलं. मग जवळ येऊन आवाज खाली आणत विचारलं, तुम्ही किती वर्षांपासून आहात ताईंकडे?

मी या धंद्याचा संस्थापक आहे, हे सांगायची हीच वेळ होती. मनाशी लग्नाचं साल आठवलं, वजाबाकी केली. बावीस, म्हणालो.

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग भिंतीला टेकवलेल्या ब्रशकडे पाहिलं.

म्हणाला, आणि अजून ब्रशवरच?